वस्तीवरची वीज

या पाठात, विजेची तार जिथे पोहोचलेली नाही तिथे बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या साह्याने वीज कशी वापरता येते, हे सांगितले आहे. इन्व्हर्टर निवडताना कोणता हिशेब करावा आणि तो वापरताना कोणती काळजी घ्यावी, याची माहितीही या पाठातून मिळते.

बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरू लागतो. शहरातल्या मुलांना यात काही नवल वाटत नाही. पण खांबावरची तार घरापर्यंत आलेली असेल, तरच हे घडते. जिथे तार पोहोचत नाही, तिथे काय करायचे?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटरवर घारापुरी नावाचे बेट आहे. तिथली लेणी पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. बेटावरच्या गावकऱ्यांना मात्र अनेक वर्षे संध्याकाळचे काही तासच वीज मिळत असे, आणि तीही डिझेलच्या जनरेटरची. जनरेटर बंद झाला की बेटावर अंधार पसरे. समोर मुंबईचे असंख्य दिवे चमकत असत. शेवटी समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकण्यात आली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या गावांत कायमची वीज आली.

प्रत्येक ठिकाणी अशी केबल लगेच येत नाही. डोंगरातले पाडे, गावापासून दूर असलेल्या शेतातल्या वस्त्या, समुद्रात जाणाऱ्या होड्या अशा ठिकाणी वीज तिथल्या तिथे तयार करावी लागते, साठवावी लागते आणि जपून वापरावी लागते. या कामात इन्व्हर्टर हे यंत्र फार उपयोगी पडते.

इन्व्हर्टर समजण्यासाठी आधी विजेचे दोन प्रकार समजून घेऊ.

टॉर्चमधील सेल, मोटारीची बॅटरी आणि सौर पॅनेल यांच्यापासून मिळणारा प्रवाह ओढ्याच्या पाण्यासारखा एकाच दिशेने वाहतो. त्याला दिष्ट प्रवाह किंवा डी.सी. म्हणतात. खांबावरून घरात येणारा प्रवाह झोक्यासारखा पुढे-मागे होतो. आपल्या देशात तो एका सेकंदात ५० वेळा पुढे जातो आणि ५० वेळा मागे येतो. त्याला प्रत्यावर्ती प्रवाह किंवा ए.सी. म्हणतात. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. साध्या बॅटरीचा दाब १२ व्होल्ट असतो.

या दोन प्रवाहांचा इतिहासही मनोरंजक आहे. १८८२ साली थॉमस एडिसन यांनी न्यूयॉर्क शहरात वीजकेंद्र सुरू केले. ते डी.सी. वीज देत असे. पण त्या काळी डी.सी. वीज लांबवर नेणे अवघड होते. ए.सी. विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने सहज वाढवता आणि कमी करता येतो, म्हणून ती दूर नेणे सोपे जाते. निकोला टेस्ला आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ए.सी. विजेचा पुरस्कार केला. १८९६ साली नायगारा धबधब्यावर तयार झालेली वीज बफेलो शहरात पोहोचली, तीही ए.सी.च होती. आपल्या मुंबईतही हे दोन्ही प्रवाह नांदले आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्याला विजेवर चालणारी पहिली रेल्वेगाडी धावली. ती १५०० व्होल्टच्या डी.सी. विजेवर चालत होती. पुढे टप्प्याटप्प्याने मुंबईच्या लोकल गाड्या २५,००० व्होल्टच्या ए.सी. विजेवर आणल्या गेल्या. हे काम २०१६ साली पूर्ण झाले.

आता अडचण लक्षात येईल. बॅटरीत साठते ती डी.सी. वीज, घरातला पंखा, मिक्सर, टी.व्ही. यांना लागते ती ए.सी. वीज. या दोघांची गाठ घालून देण्याचे काम इन्व्हर्टर करतो. त्याच्या आतील इलेक्ट्रॉनिक स्विच बॅटरीतून येणाऱ्या प्रवाहाची दिशा अतिशय वेगाने बदलत राहतात. ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब १२ व्होल्टवरून २३० व्होल्टपर्यंत वाढवतो. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इन्व्हर्टर स्वतः वीज तयार करत नाही. बॅटरीत जेवढे साठले असेल, त्यातूनच तो देतो. आणि देताना थोडा वाटा वायाही जातो.

असा इन्व्हर्टर निवडताना काय काय पाहावे लागते, हे समजण्यासाठी आपण एका कुटुंबाची गोष्ट कल्पनेत आणू.

सलमा नववीत शिकते. ती अब्बा, अम्मी, दादी आणि धाकट्या भावासह शेतातल्या वस्तीवर राहते. गावातली शेवटची तार त्यांच्या घरापासून दोन किलोमीटर मागेच थांबली आहे. चार्जिंगचा दिवा रोज गावात नेऊन चार्ज करून आणावा लागतो. रात्री नऊ वाजता तो मंद होतो आणि सलमाचे पुस्तक मिटते. उन्हाळ्यात दादीला रात्रभर झोप लागत नाही. अम्मी हातपंख्याने वारा घालत तिच्या उशाशी बसते.

यंदा कापसाचे पैसे हातात आले. अब्बांनी ठरवले, "या वर्षी घरात वीज आणायचीच." पण पैसे मोजकेच होते. एकदा केलेली खरेदी चुकली, तर पुढचा कापूस येईपर्यंत अंधारातच राहावे लागणार होते. शहरातल्या दुकानदाराने एक मोठा इन्व्हर्टर दाखवून म्हटले, "हा घ्या, चार घरांना पुरेल." ट्रक चालवणारे चाचा म्हणाले, "भाईजान, बॅटरी विकत कशाला घेता? माझ्या ट्रकची जुनी बॅटरी पडून आहे, तीच लावू." अब्बा विचारात पडले.

दुसऱ्या दिवशी सलमाने शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आपांना विचारले, "आपा, आम्ही कोणता इन्व्हर्टर घ्यावा?"

आपा हसून म्हणाल्या, "दुकानात जाण्याआधी वही घे. घरात कोणकोणती उपकरणे लावणार, प्रत्येक किती वॉटचे आहे आणि ते रोज किती तास चालणार, हे लिहून आण. इन्व्हर्टर आपण नंतर निवडू."

सलमाने रात्री घरच्या सर्वांना विचारून यादी केली. वॉटला तासांनी गुणले की वॉट-तास मिळतात, हे आपांनी तिला सांगितले होते. तिची यादी अशी झाली :

दिवे : ४ × ९ वॉट × ५ तास = १८० वॉट-तास
पंखे : २ × ७५ वॉट × ७ तास = १०५० वॉट-तास
टी.व्ही. : १ × ५० वॉट × २ तास = १०० वॉट-तास
मोबाइलचे चार्जर : २ × १० वॉट × २ तास = ४० वॉट-तास
एकूण : १३७० वॉट-तास

यादी पाहून आपा म्हणाल्या, "आता बॅटरीकडे वळू. बॅटरीवर १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. त्याला १२ व्होल्टने गुण."

"अठराशे वॉट-तास!" सलमा आनंदाने म्हणाली. "म्हणजे एक बॅटरी पुरून उरेल."

"थोडे थांब," आपा म्हणाल्या. "शिसे आणि आम्ल असलेली बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली, तर ती लवकर निकामी होते. विहिरीतले पाणी आपण गाळ लागेपर्यंत उपसतो का? बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी. म्हणजे राहिले ९००. त्यातले सुमारे १५ टक्के इन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जातात. म्हणजे १३५ वजा कर."

सलमाने वजाबाकी केली. उत्तर ७६५ आले. तिचा चेहरा उतरला. घराला १३७० हवे होते आणि बॅटरी ७६५ देणार होती. इतके पंखे लावले असते, तर पहाट होण्याच्या खूप आधीच घर अंधारात गेले असते.

"मग दोन बॅटऱ्या घ्याव्या लागतील. तेवढे पैसे नाहीत, आपा."

"तुझी यादी पुन्हा वाच. सर्वांत जास्त कोण खाते?"

सलमाने पाहिले. १३७० पैकी १०५० एकटे पंखेच खात होते. आपांनी सांगितले, की बी.एल.डी.सी. नावाचे नव्या प्रकारचे पंखे मिळतात. ते वारा जवळजवळ तेवढाच देतात. पण पूर्ण वेगाने फिरतानाही त्यांना सुमारे ३० वॉटच लागतात. सलमाने ७५ च्या जागी ३० लिहिले. २ × ३० × ७ म्हणजे ४२०. नवी बेरीज ७४० झाली. ७६५ मध्ये ती बसली! हे पंखे साध्या पंख्यांपेक्षा महाग असतात. पण दुसऱ्या बॅटरीपेक्षा ते खूपच स्वस्त पडतात. आधी गरज कमी करावी आणि मग साठा विकत घ्यावा, हा पहिला धडा सलमाला मिळाला.

चाचांच्या जुन्या बॅटरीचा प्रश्न तिने आपांपुढे मांडला. आपा म्हणाल्या, "ट्रकची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. ती काही क्षण खूप मोठा प्रवाह देते आणि इंजिन चालू झाले की पुन्हा भरते. तिच्या आतील पत्रे पातळ असतात. रोज रात्रभर हळूहळू वीज देण्याचे काम तिला झेपत नाही. घोड्याला शर्यतीत पळवावे आणि बैलाला नांगराला जुंपावे. घरासाठी ट्युब्युलर बॅटरी घ्यावी. तिचे पत्रे रोज रिकामे होणे आणि भरणे सोसतात. लिथियमची बॅटरी मिळते. ती हलकी असते, तिच्यात पाणी घालावे लागत नाही आणि तिची बहुतेक वीज वापरता येते. मात्र ती महाग असते आणि तिला जुळेल असाच इन्व्हर्टर व चार्जर लागतो."

आता प्रश्न इन्व्हर्टरच्या आकाराचा. सारी उपकरणे एकाच वेळी चालू केली, तर किती वॉट लागतील? दिव्यांचे ३६, पंख्यांचे ६०, टी.व्ही.चे ५० आणि चार्जरचे २० मिळून १६६ वॉट झाले. पण अम्मीला मसाला वाटायला मिक्सर हवा होता. मिक्सर ५०० वॉटचा. शिवाय मोटार असलेले कोणतेही उपकरण सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त वीज ओढते. इन्व्हर्टरला हा धक्का सोसता आला पाहिजे.

इन्व्हर्टरवर क्षमता व्ही.ए. या एककात लिहिलेली असते. व्ही.ए. म्हणजे वॉट नव्हेत. पुष्कळ इन्व्हर्टरच्या बाबतीत व्ही.ए.च्या ८० टक्के वॉट धरतात. ८५० व्ही.ए.चा इन्व्हर्टर म्हणजे सुमारे ६८० वॉट. म्हणून दुकानात 'वॉट किती?' आणि 'मोटार सुरू होताना किती भार सोसेल?' हे दोन्ही प्रश्न विचारावेत. सलमाच्या घराला ८५० व्ही.ए. पुरेसे होते. मिक्सर मात्र दुपारी, ऊन असताना आणि पंखे बंद ठेवून चालवायचा, असे ठरले.

दुकानदाराचा मोठा इन्व्हर्टर का नको? कारण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, तरी तो स्वतःसाठी वीज खातो. एखादा इन्व्हर्टर रिकामा असताना १० वॉट खात असेल, तर चोवीस तासांत २४० वॉट-तास गेले. तेवढ्यात ३० वॉटचा पंखा आठ तास फिरला असता! यंत्र जितके मोठे, तितका हा खर्च साधारणपणे जास्त. म्हणून गरजेपुरता इन्व्हर्टर घ्यावा आणि दिवसा काम नसेल तेव्हा तो बंद ठेवावा.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतात. खांबावरची वीज मात्र गोलसर, सलग चढउतारांच्या लाटेची असते. तिला साइन लाट म्हणतात. चौकोनी लाटेवर दिवे लागतात. पण पंखे गुणगुणतात, मोटारी जास्त तापतात आणि काही उपकरणे बिघडतात. ज्या घरात पंखा, मिक्सर किंवा फ्रीज चालवायचा आहे, तिथे शुद्ध साइन लाट देणारा इन्व्हर्टरच घ्यावा. इस्त्री, शेगडी, पाणी तापवण्याचा हीटर अशी उष्णता देणारी उपकरणे मात्र छोट्या इन्व्हर्टरवर लावूच नयेत. १००० वॉटची इस्त्री पाऊण तास चालली, तर ७५० वॉट-तास संपतात. म्हणजे सलमाच्या घरची सबंध रात्र एका इस्त्रीत जाते.

दादी हे सारे ऐकत होती. ती म्हणाली, "बेटी, कपड्यांना घडी पडली तरी चालेल, पंखा थांबायला नको." सारे हसले.

रिकामी झालेली बॅटरी भरायची कशी? त्यासाठी सौर पॅनेल लागते. बॅटरीतून ९०० वॉट-तास काढले, तर भरताना होणारी घट धरून सुमारे ११२५ वॉट-तास परत घालावे लागतात. महाराष्ट्रात स्वच्छ दिवशी साधारण पाच तासांच्या भर उन्हाइतकी ऊर्जा मिळते. ३०० वॉटचे पॅनेल पाच तासांत १५०० वॉट-तास देईल असे वाटते. पण धूळ, उष्णता आणि तारांमधील घट यांमुळे त्यातले सुमारे तीन-चतुर्थांशच हाती येतात. म्हणजे ११२५! सलमाच्या घरासाठी १५० वॉटची दोन पॅनेल पुरेशी ठरली. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज नियंत्रक बसवावा लागतो. तो बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू देत नाही. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे करावे आणि त्याला सुमारे २० अंशांचा उतार द्यावा. त्यावर झाडाची सावली पडू देऊ नये. पॅनेलचा लहानसा भाग सावलीत गेला, तरी वीज बरीच घटते. आठवड्यातून एकदा सकाळी पॅनेल पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसावे.

पावसाळ्यात काय? ढगाळ दिवशी निम्म्याहूनही कमी वीज मिळते. घरच्यांनी मिळून नियम केला : आभाळ भरून आले की टी.व्ही. बंद, एकच पंखा चालू आणि तो दादीच्या खोलीत. अभ्यासाचा दिवा मात्र कधीही बंद करायचा नाही. हा शेवटचा नियम दादीनेच सुचवला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुरक्षितता. आपांनी सलमाला काही सूचना लिहून दिल्या. त्या तुम्हीही नीट वाचा.

बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते. ते कातडीवर उडाले तर जखम होते, डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. आम्ल उडाल्यास ती जागा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हा वायू ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवावी; झोपण्याच्या बंद खोलीत किंवा चुलीजवळ ठेवू नये. तिच्याजवळ काडी, विडी, उदबत्ती पेटवू नये. बॅटरीत नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालू नये, फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. हे काम मोठ्या माणसांनी हातमोजे आणि चष्मा घालून करावे.

बॅटरीच्या दोन टोकांवर पाना किंवा बांगडी आडवी पडली, तर ती क्षणात लालबुंद होते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून बॅटरीला खेळणे समजू नये. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जाड आणि आखूड हवी. याचे कारण हिशेबानेच कळते. ५०० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर सुमारे २ अँपिअर प्रवाह घेतो; पण तोच मिक्सर चालवताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ५० अँपिअर प्रवाह वाहतो. बारीक तार लावली, तर ती तापून आग लागू शकते. बॅटरीच्या जवळच योग्य फ्यूज बसवावा. इन्व्हर्टरला अर्थिंग करावे. इन्व्हर्टरमधून बाहेर येणारी २३० व्होल्टची वीज खांबावरच्या विजेइतकीच जीवघेणी असते, हे कधीही विसरू नये. जोडणीचे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

उद्या वस्तीवर खांबाची तार आली, तरी एक चूक कोणीही करू नये. काही लोक इन्व्हर्टर किंवा जनरेटरची तार घरातल्या भिंतीच्या प्लगमध्ये खोचतात. वीज गेलेली असताना असे केले, तर घरातली वीज उलटी खांबावर जाऊ शकते. डीपीमधला ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूनेही काम करतो. तो २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो. त्याच वेळी एखादा वायरमन तार बंद आहे असे समजून खांबावर दुरुस्ती करत असेल, तर त्याचा प्राण जाऊ शकतो. आपल्या घरात उजेड करण्यासाठी चढलेल्या त्या माणसाची त्याच्या घरीही कोणी वाट पाहत असते. म्हणून दोन्ही विजा कधीही एकत्र येणार नाहीत असा बदलस्विच बसवल्याशिवाय इन्व्हर्टर घराच्या वायरिंगला जोडू नये.

बॅटरी निकामी झाली की ती उकिरड्यावर टाकू नये. तिच्यातील शिसे विषारी असते. ते माती आणि पाणी दूषित करते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

हे सारे फार अवघड आहे, असे समजू नका. राजस्थानातील तिलोनिया या गावी १९७२ पासून काम करणाऱ्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने खेड्यांतल्या कितीतरी स्त्रियांना सौर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले आहे. त्यांपैकी अनेक जणी आज्या झालेल्या होत्या आणि अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. दूरदूरच्या देशांतून आलेल्या, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायकाही तारांचे रंग आणि हाताच्या खुणा यांवरून तिथे हे काम शिकल्या आणि त्यांनी आपापल्या गावांत दिवे लावले. तुम्हाला तर वाचता येते, गुणाकार-भागाकार येतो. मग तुम्हाला का जमणार नाही?

वीज तारेतून येवो की उन्हातून, ती जपूनच वापरली पाहिजे. वस्तीवरच्या माणसाला तिचे मोल रोज संध्याकाळी कळते. कारण आपण आज किती वीज खर्च केली, हे त्याची बॅटरीच त्याला सांगते. शहरातल्या माणसाला ते महिन्याच्या बिलावरून कळते, इतकाच फरक! वही, पेन्सिल आणि थोडी काटकसर जवळ असेल, तर लहानशा बॅटरीवरही घर उजळते.

शब्दार्थ

नवल – आश्चर्य
नांदणे – एकत्र राहणे
पुरस्कार करणे – एखाद्या गोष्टीची बाजू घेणे
निकामी – उपयोगात न येणारा
चेहरा उतरणे – निराश होणे
ऊर्ध्वपातित पाणी – वाफ करून पुन्हा थंड केलेले शुद्ध पाणी
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा
काटकसर – जपून खर्च करणे, किफायत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घारापुरी बेटावर कायमची वीज कोणत्या वर्षी आली?
(आ) इन्व्हर्टर कोणते काम करतो?
(इ) सलमाच्या यादीत सर्वांत जास्त वीज कोण खात होते?
(ई) बॅटरीत कोणते पाणी घालावे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) आपांनी ट्रकची जुनी बॅटरी घेऊ नये असे सांगितले.
(आ) बॅटरीची तार जाड आणि आखूड असावी.
(इ) निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये.

प्र. ३. पाच-सहा ओळींत उत्तर लिहा.
इन्व्हर्टरची तार भिंतीच्या प्लगमध्ये खोचल्यास वायरमनचा जीव कसा धोक्यात येतो?

प्र. ४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
उजेड, स्वस्त, जाड, रिकामे

उपक्रम : तुमच्या घरातील विजेच्या उपकरणांची यादी करा. प्रत्येकाचे वॉट आणि रोजचे तास लिहून एकूण वॉट-तास काढा. त्यातले कोणते उपकरण कमी वेळ वापरता येईल, यावर घरातल्या मोठ्या माणसांशी चर्चा करा.